तपासणीच्या टेबलापाशी: आघाताचे भान ठेवून स्त्रियांवर उपचार कसे करावेत आणि ते डॉक्टरांना कसे शिकवावे

रुग्णालयाच्या आवारात 'ट्रॉमा' हा शब्द ऐकला की अपघात विभाग, मोडलेली हाडे आणि रक्ताच्या पिशव्या डोळ्यांसमोर येतात. या लेखातील आघात तसा दिसत नाही. केस पेपरवर त्याची नोंद बहुधा नसते, आणि ज्या स्त्रीला तो झालेला असतो ती अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार, गर्भाशयमुखाची चाचणी, वंध्यत्वाचा उपचार किंवा बाळंतपण अशा अगदी नेहमीच्या कारणासाठी डॉक्टरांसमोर बसलेली असते. लहानपणी झालेला लैंगिक छळ, जोडीदाराची मारहाण, बलात्कार, पोटातच गेलेले मूल किंवा आधीच्या बाळंतपणात रुग्णालयातच मिळालेली वागणूक, यांपैकी काहीही तिने मागे सोसलेले असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे 30 टक्के स्त्रियांना आयुष्यात केव्हा ना केव्हा जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा अन्य कोणाकडून लैंगिक हिंसा सोसावी लागलेली असते. समोरची स्त्री त्यांपैकी आहे की नाही, हे चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो हमखास फसतो. हातमोजे घालण्यापूर्वी आपण 'तुम्हाला कोणता संसर्ग आहे का' असे विचारून निर्णय घेत नाही. प्रत्येक रुग्णासाठी घालतो. आघाताचे भान ठेवून तपासणी करणे म्हणजे हीच सवय वागण्यात आणणे होय. तिची कहाणी काढून घेणे हा याचा हेतू नाही, आणि माझ्या मते प्रशिक्षणात सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. जिने काहीही सांगितलेले नाही आणि जिला कधीही सांगायचे नाही, तिलाही तीच सुरक्षित तपासणी मिळाली पाहिजे.

तपासणीत असे काय असते

योनीमार्गाच्या तपासणीत स्त्री कमरेखाली वस्त्रहीन असते, पाठीवर पडलेली असते, पाय फाकवलेले असतात, अनोळखी व्यक्ती पायांपाशी उभी असते आणि ती व्यक्ती काय करते आहे हे तिला दिसत नाही. वरून 'सैल सोडा, काही होत नाही, झालंच' असे शब्द कानांवर पडतात. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला आहे तिच्या शरीराला हे सगळे एकेकाळी ओळखीचे झालेले असते, आणि म्हणून धोक्याच्या वेळची तीच प्रतिक्रिया विचाराआधीच उमटते. कोणी पाय आखडते, कोणी टेबलावरून मागे सरकते, कोणी डॉक्टरांवर ओरडते. परंतु अनेकींचे शरीर गोठून जाते. छताकडे नजर लावून, श्वास रोखून, एक शब्दही न बोलता पडून राहिलेल्या स्त्रीबद्दल 'रुग्णाने सहकार्य केले' असे लिहिले जाते, आणि जी कंबर मागे घेते तिच्या नावापुढे 'असहकार्य' असा शेरा येतो. वास्तविक दोघींच्या बाबतीत एकच गोष्ट घडत असते. शांतता म्हणजे संमती नव्हे, हे शिकाऊ डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगावे लागते, कारण शांत रुग्ण सर्वांनाच सोयीचा वाटतो.

या दृष्टिकोनाची तात्त्विक मांडणी थोडक्यात सांगून पुढे जाणे योग्य होईल. अमेरिकेतील मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांची सरकारी संस्था 'सॅम्सा' हिने 2014 साली चार कामे नेमून दिली: आघात किती व्यापक आहे हे जाणणे, त्याच्या खुणा ओळखणे, त्या जाणिवेनुसार संस्थेची कार्यपद्धती बदलणे आणि नव्याने आघात होऊ न देणे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या व्यावसायिक संघटनेने 2021 साली आपल्या सदस्यांना हीच दिशा दिली. तत्त्वे पाठ करायला अर्धा तास पुरतो. ती हातांत आणि जिभेवर उतरवायला महिने लागतात.

टेबलापर्यंत जाण्याआधी

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: ही तपासणी खरोखर आवश्यक आहे का? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2014 साली स्पष्टपणे सांगितले की कोणतीही तक्रार नसलेल्या, गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीची केवळ रिवाज म्हणून आतून तपासणी करू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही (या कर्करोगास कारणीभूत ठरणारा विषाणू) चाचणी करताना स्त्रीने स्वतः घेतलेला नमुना चालतो, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ज्या स्त्रीने भीतीपोटी वर्षानुवर्षे चाचणी टाळली आहे तिच्यासाठी हा पर्याय सर्वांत आधी पुढे ठेवावा. योनीमार्गातून सोनोग्राफी करायची असल्यास प्रोब (आत घालायची दांडी) स्वतःच्या हाताने आत सरकवण्याची मुभा तिला देता येते. न केलेली अनावश्यक तपासणी ही या पद्धतीतील सर्वांत सोपी पायरी आहे, आणि आश्चर्य म्हणजे तीच सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

बोलणे नेहमी तिने पूर्ण कपडे घातलेले असताना, दोघेही समान उंचीवर बसलेले असताना आणि ती एकटी असताना व्हावे. सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगणे हा 'आमच्याकडचा सर्वांसाठीचा नियम' म्हणून सांगावा, म्हणजे तिच्यावर किंवा त्याच्यावर संशयाचे बोट जात नाही. भाषा समजत नसल्यास नातेवाईकाला दुभाषा करू नये; ज्याच्याविषयी तिला बोलायचे आहे तोच कदाचित दुभाष्याच्या खुर्चीत बसलेला असतो. आणि वयाने किंवा परिस्थितीने आपल्याहून लहान वाटणाऱ्या रुग्णाला सरसकट 'तू' म्हणण्याची सवय मोडावी. 'अहो-जाहो' हा केवळ शिष्टाचार नाही. आपल्या शरीराबद्दलचा निर्णय आपण घेऊ शकतो, हे तिला त्यातून कळते.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: विचारावे का, आणि कसे? येथे तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 सालच्या मार्गदर्शक सूचना सरसकट सर्व स्त्रियांना जोडीदाराच्या हिंसेबद्दल विचारण्याची शिफारस करीत नाहीत. जखमा, वारंवारच्या अस्पष्ट तक्रारी, नैराश्य अशा खुणा दिसल्यास, एकांत असल्यास आणि पुढे मदत देण्याची सोय असल्यास विचारावे, असे त्या सांगतात. उलट अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2018 साली प्रजननक्षम वयाच्या सर्व स्त्रियांना याबद्दल विचारण्याची शिफारस केली. माझे मत असे की ज्या दवाखान्यात एकांत नाही आणि पुढे पाठवायला समुपदेशक नाही, तेथे छापील प्रश्नावली भरून घेणे ही जखम उघडून पट्टी न बांधण्यासारखी गोष्ट आहे. तेथेही एक वाक्य मात्र प्रत्येकीला म्हणता येते आणि ते शब्दशः पाठ करावे:

'ही तपासणी पुष्कळ जणींना अवघड जाते. कारण काहीही असेल, ते सांगायलाच हवं असं नाही. तुम्हाला त्रास कमी व्हावा म्हणून मी काय करावं किंवा काय करू नये, ते सांगाल का?'

या वाक्यात घटनेची चौकशी नाही, आणि तरीही दार उघडे आहे. एखादी म्हणेल, 'पाय बांधू नका.' दुसरी म्हणेल, 'आत घालण्याआधी सांगा.' तिसरी रडू लागेल. तिन्ही उत्तरांतून डॉक्टरला हवे ते मिळते.

तिने सांगितलेच, तर

अत्याचाराची हकीकत ऐकताना डॉक्टरचा हात लगेच पेनकडे किंवा फोनकडे जातो. तो थांबवावा. जागतिक आरोग्य संघटना यासाठी पाच पायऱ्या शिकवते: ऐकणे, तिच्या गरजा व चिंता विचारणे, तिच्यावर विश्वास असल्याचे दाखवणे, तिची सुरक्षितता वाढवणे आणि पुढील आधाराशी तिला जोडून देणे. तपशील विचारण्याचा मोह टाळावा. उपचारासाठी जेवढे लागते तेवढेच विचारावे आणि ते का विचारतो आहोत हेही सांगावे. 'तेव्हाच का नाही सांगितलं?', 'तुम्ही तिथे गेलातच कशाला?' हे प्रश्न उत्सुकतेने विचारले तरी आरोपासारखेच ऐकू येतात. 'तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमचा दोष नाही. आता तुम्हाला सर्वांत जास्त कशाची काळजी वाटते?' एवढे पुरेसे असते.

घटना ताजी असेल तर वेळेचे गणित ध्यानात ठेवावे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात. तातडीचे गर्भनिरोधक 120 तासांपर्यंत देता येते, परंतु तेही जितके लवकर तितके चांगले. पोलिसांत तक्रार केली नाही म्हणून यांपैकी कोणताही उपचार अडवून धरू नये. कायद्याने काही गोष्टी कळवणे डॉक्टरवर बंधनकारक असेल, तर ते तिने तोंड उघडण्यापूर्वी सांगावे. सगळे ऐकून घेतल्यावर 'आता मला हे कळवावे लागेल' असे म्हणणे हा विश्वासघातच ठरतो.

नोंद करताना तिचे शब्द अवतरणात लिहावेत. 'रुग्ण म्हणते की' आणि 'रुग्ण असा दावा करते की' या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. घरी न्यायच्या कागदावर काय छापले जाते आणि तो कागद घरात कोण वाचतो, हे तिलाच विचारून ठरवावे.

प्रत्यक्ष तपासणी

साधने तिला आधी दाखवावीत. हवे असल्यास हातात घेऊ द्यावीत. जेवढे कपडे काढणे गरजेचे आहे तेवढेच काढायला सांगावे, त्या वेळी खोलीबाहेर जावे, परत येताना दार वाजवावे आणि 'या' असे उत्तर येईपर्यंत थांबावे. अंगावरची चादर तिच्या हातात असावी, आपल्या नव्हे. तिला सोबत कोणी हवे असल्यास ते कोण असावे हे तिने ठरवावे. नेमलेली साक्षीदार परिचारिका वेगळी आणि पायांपाशी गोळा झालेले पाच विद्यार्थी वेगळे. विद्यार्थ्यांच्या उपस्थितीची परवानगी ती टेबलावर पडल्यानंतर विचारली, तर ती परवानगी नव्हे.

यानंतर थांबण्याची खूण ठरवावी: 'थांबा' हा शब्द, किंवा शब्द फुटणार नाही म्हणून वर केलेला हात. खूण एकदा खोटी खोटी करून पाहावी. तिने हात वर करावा, डॉक्टरने लगेच हात मागे घ्यावा. हा दहा सेकंदांचा सराव माझ्या मते या सगळ्या पद्धतीचा गाभा आहे, कारण आपले 'नाही' येथे चालते हे तिच्या शरीराला शब्दांपेक्षा अनुभवातून पटते. आणि खूण प्रत्यक्षात आली की 'एक मिनिट, झालंच' असे म्हणायचे नाही. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरण्याचे साधन) आत असेल तर हात स्थिर ठेवावा, 'काढू का?' असे विचारावे, आणि ती 'हो' म्हणाली की हळूच काढावे. नमुना अर्धवट राहिला तरी चालतो.

शब्दांची निवड पुन्हा तपासावी. 'सैल सोड', 'पाय फाकव', 'छान, अशीच राहा' ही वाक्ये अत्याचार करणाऱ्याच्या तोंडी असू शकतात. त्याऐवजी 'गुडघे बाजूला टेकू द्या', 'आता बाहेरून स्पर्श करतो आहे', 'आता थोडा दाब जाणवेल' असे सरळ, शरीराला सूचना देणारे बोलावे. पलंग म्हणू नये, टेबल म्हणावे. शरीराच्या रूपाविषयी कौतुकाचेही उद्गार नकोत. प्रत्येक हालचाल सांगितलेली काहींना हवी असते, तर काहींना त्याच सांगण्याने अधिक त्रास होतो व दुसऱ्याच विषयावर गप्पा माराव्यात असे वाटते; म्हणून हेही विचारून घ्यावे.

पाय अडकवण्याच्या कड्या अनिवार्य नाहीत. 2006 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या, 197 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत कड्यांशिवाय तपासणी झालेल्या स्त्रियांना शारीरिक अस्वस्थता आणि असहायपणाची भावना दोन्ही कमी जाणवली, आणि नमुन्याची गुणवत्ता घसरली नाही. टेबलाचा पाठीकडचा भाग थोडा उचलून ठेवला तर तिला डॉक्टरचा चेहरा दिसतो. स्पेक्युलम कोमट असावे, शक्य तितके लहान असावे, आणि ते स्वतः आत घालायचे आहे का असे विचारावे. हे ऐकून डॉक्टर बिचकतात, रुग्ण क्वचितच.

गोड बोलणे म्हणजे भूल नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. तांबी बसवताना किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेताना जे दुखते त्यावर औषध देता येते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2024 साली तांबी बसवण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीशी वेदनाशमनाबद्दल बोलण्याची सूचना केली आणि लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा पर्यायही नमूद केला. 'थोडंसंच दुखेल' असे सांगून जास्त दुखवणे हा खोटेपणा आहे, आणि ज्या स्त्रीचा विश्वास आधीच एकदा मोडला आहे तिला तो लगेच कळतो.

तपासणीदरम्यान एखादी स्त्री जागेवर असूनही तेथे नसल्यासारखी झाली, उत्तर देईना, किंवा थरथरू लागली, तर सर्वप्रथम हात व साधने बाजूला करावीत आणि अंगावर पांघरूण घालावे. तिला धरून हलवू नये. शांत आवाजात तिचे नाव घ्यावे, आपण कोण आहोत, हे ठिकाण कोणते आहे आणि तपासणी थांबली आहे, हे सांगावे. 'तुमचे पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का? खोलीत दिसणाऱ्या तीन वस्तूंची नावं सांगाल?' अशा प्रश्नांनी लक्ष हळूहळू वर्तमानात येते. ती सावरल्यावर, कपडे घालून झाल्यावर, पुढचे तिने ठरवावे. कागदावर 'तपासणीस नकार' असे लिहिण्याऐवजी 'आज तपासणी थांबवली. पुढील भेटीत अमुक पद्धतीने करण्याचे ठरले' असे लिहिले, तर पुढच्या डॉक्टरचेही काम सोपे होते.

प्रसूतिकक्षात हे सारे अधिक कठीण असते, कारण तेथे घाई खरी असते. तरीही कमी जोखमीच्या प्रसूतीत, कळा नियमित व जोरदार झाल्यानंतरच्या टप्प्यात, आतून तपासणी दर चार तासांनी पुरेशी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 सालच्या शिफारशी सांगतात. येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने हात घालून पाहण्याची गरज नसते. कळ चालू असताना नव्हे, दोन कळांच्या मध्ये, विचारून तपासावे. तातडीच्या प्रसंगीही एका व्यक्तीने तिच्या डोक्याशी उभे राहून एकेका वाक्यात काय चालले आहे ते सांगत राहावे, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी बसून 'काल नेमके काय झाले' याची उजळणी तिच्याबरोबर करावी. 2017 सालच्या एका व्यापक आढाव्यानुसार बाळंतपणानंतर सर्वसाधारण स्त्रियांपैकी सुमारे 4 टक्के आणि जास्त जोखमीच्या गटातील सुमारे 18 टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर ताणविकार आढळतो. म्हणजे आघात काही वेळा आपल्याच खोलीत घडतो.

डॉक्टरांना हे कसे शिकवावे

केवळ व्याख्यानाने हे साधत नाही. व्याख्यान ऐकून सर्व जण माना डोलावतात आणि दुपारी ओपीडीत तेच जुने शब्द बोलतात. म्हणून प्रशिक्षणातील निम्म्याहून अधिक वेळ तोंडाने बोलण्याच्या आणि हाताने करण्याच्या सरावाला द्यावा. तिघांचा गट करावा: एक डॉक्टर, एक रुग्ण, एक निरीक्षक. पाच मिनिटांचा प्रसंग, मग अदलाबदल. निरीक्षकाने मत देऊ नये, फक्त ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवावीत. स्वतःचे 'अगं काही नाही होत' कागदावरून ऐकणे फार परिणामकारक ठरते. पूर्ण कपड्यांत, स्वेच्छेने, दोन मिनिटे त्या टेबलावर पाय कड्यांत ठेवून पडून राहण्याचा अनुभवही उपयोगी असतो. मात्र प्रशिक्षणार्थींपैकीही कोणी अत्याचार सोसलेला असतो, हे विसरू नये. विषय आधी कळवावा, खोलीतून कारण न देता उठून जाण्याची मोकळीक असावी, आणि कोणालाही स्वतःचा अनुभव सांगायला लावू नये.

रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचा शिक्षणात वापर 1963 साली हॉवर्ड बॅरोज यांनी सुरू केला. स्त्रीरोगशास्त्रात त्यापुढे जाऊन, स्वतःच्या शरीरावर तपासणी शिकवणाऱ्या आणि 'आत्ता दाब जास्त झाला' असे जागच्या जागी सांगणाऱ्या प्रशिक्षक स्त्रिया तयार झाल्या. अशी सोय शक्य असेल तेथे ती जरूर करावी आणि त्या स्त्रियांना योग्य मानधन द्यावे. अभ्यासक्रम मात्र शून्यापासून रचण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली प्रशिक्षकांसाठी तयार केलेला अभ्यासक्रम उपलब्ध आहे, तो आपल्या भाषेतील वाक्यांसह वापरावा. वाक्ये भाषांतरित केलेली नसावीत, आपल्या रुग्णांच्या तोंडची असावीत.

परीक्षेत गुण नसतील तर विद्यार्थी गांभीर्याने घेत नाहीत, हे वास्तव स्वीकारावे. प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रसंग असा ठेवावा की तपासणीच्या मध्यावर रुग्णाने हात वर केला आहे. जो थांबत नाही तो त्या प्रसंगात अनुत्तीर्ण, बाकीचे तंत्र कितीही उत्तम असो. याशिवाय, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष ओपीडीत वरिष्ठाने बाजूला बसून एकच गोष्ट पाहावी: खूण ठरवली का? सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, कारण ही सवय गर्दीच्या दिवसांत झिजते.

खरा अभ्यासक्रम अर्थात वरिष्ठांचे वागणे हाच असतो. राउंडच्या वेळी प्राध्यापक चादर न विचारता ओढत असतील, तर सकाळचा वर्ग वाया गेला. भूल दिलेल्या स्त्रीची, तिच्या संमतीशिवाय, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी आतून तपासणी करण्याची प्रथा अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालली; अमेरिकेच्या आरोग्य खात्याने 2024 साली रुग्णालयांना अशा तपासणीसाठी पूर्वसंमती घेणे आवश्यक असल्याचे स्पष्टपणे बजावले. अशा प्रसंगी कनिष्ठ डॉक्टरने काय म्हणावे, याचाही सराव करून घ्यावा: 'सर, संमतीपत्रावर याचा उल्लेख नाही. मी आधी विचारून येतो.' हे वाक्य उच्चारणे अवघड आहे, म्हणूनच ते वर्गात दहा वेळा उच्चारलेले असावे. स्वागतकक्षातील कर्मचारी, परिचारिका आणि मावशी यांचाही या प्रशिक्षणात समावेश करावा. गर्दीसमोर 'कशासाठी आलात?' हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, खिडकीतून विचारला जातो.

शेवटी प्रशिक्षणार्थींची व्यवस्था. अशा हकीकती रोज ऐकणाऱ्या माणसावर त्यांचा परिणाम होतो. झोप उडते, चिडचिड वाढते, किंवा उलट काहीच जाणवेनासे होते, आणि मग रुग्णाचे बोलणे तोडण्याची सवय लागते. आठवड्यातून एकदा, कामाच्या वेळेतच, अर्धा तास एकत्र बसण्यासाठी राखून ठेवावा, रुग्णाची ओळख न उघडता बोलावे, आणि त्या बैठकीला मूल्यमापन करणारे वरिष्ठ हजर नसावेत. जिला किंवा ज्याला एखाद्या दिवशी अशी केस घेणे झेपणार नाही, त्या डॉक्टरने कारण न देता सहकाऱ्याकडे ती सोपवण्याची सोय कामाच्या वेळापत्रकातच लिहिलेली असावी.